विषय : कार्यालयीन ग्रूपचे नामकरण करणेबाबत

उपरोक्त विषयी सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, तालुक्याचा कारभार आता फायलीतून उठून फोनमध्ये जाऊन बसला आहे. फायलीला निदान नाडी होती, वर विषय लिहिलेला होता आणि ती हरवली तर कोणाच्या टेबलावरून हरवली एवढे तरी सांगता येत होते. ग्रूपचे तसे नाही. 'ऑफिस', 'ऑफिस नवीन', 'ऑफिस नवीन १' आणि 'फक्त महत्त्वाचे' हे चारही ग्रूप एकाच शाखेचे, चारही चालू, आणि 'फक्त महत्त्वाचे'वर कालपासून आंब्याच्या पेटीचा भाव ठरतो आहे. सबब, नामकरणाला शिस्त लावणे क्रमप्राप्त झाले आहे.

परिस्थितीचे गांभीर्य ज्यांना पटत नसेल त्यांनी पारनेरच्या कोणत्याही कचेरीत सकाळी साडेदहाला जाऊन उभे राहावे.

"मॅडम, ते पत्र आलं का?"

"ग्रूपवर टाकलंय मामा."

"कोणत्या?"

"आपल्या."

"आपल्या म्हंजी, साहेब हायेत त्या, का साहेब न्हाईत त्या?"

इथे मॅडमचा चेहरा पडतो आणि त्या घाईघाईने पर्समधला फोन काढतात. पुढे काय झाले ते कार्यालयीन गोपनीयतेचा भाग आहे.

आता उपाय. या विषयावर बाहेर बरेच लिहिले गेले आहे. तालुक्यातली जी पोरे हिंजवडी-खराडीला कामाला आहेत त्यांच्या कंपन्यांत स्लॅक नावाचे ॲप असते. तिथे ग्रूपला चॅनेल म्हणतात आणि चॅनेलचे नाव कसे असावे याची नियमावली असते : आधी उपसर्ग, म्हणजे 'टीम', 'प्रोजेक्ट' किंवा 'हेल्प', मग आडवी रेघ, मग विषय, मध्ये मोकळी जागा चालत नाही आणि इंग्रजी अक्षरे सगळी धाकटी. दिवाळीला घरी आलेला एखादा पुतण्या फराळ करता करता म्हणतो, "काका, तुम्ही पण प्रीफिक्स लावा ना." त्याला आणखी एक चकली द्यावी, पण त्याचे ऐकू नये. स्लॅकमध्ये चॅनेल वर्णानुक्रमाने लागतात, म्हणून सारख्या उपसर्गाची नावे एका जागी येतात. व्हॉट्सॲपमध्ये ज्याच्यावर शेवटचा मेसेज तो ग्रूप वर. तुम्ही नावाआधी 'अ' लावा की '०१' लावा, यादीच्या डोक्यावर तोच ग्रूप राहणार ज्यावर पहाटे पाचला कोणीतरी उगवता सूर्य टाकतो. शिवाय आपल्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरे नसतात. आपल्याकडे थोरली-धाकटी असतात ती गावे.

तेव्हा नियम आयात करण्याचे कारण नाही. पारनेर तालुक्यातल्या गावांची यादी समोर घेऊन बसले तरी पुरते. वडगाव चार आहेत : सावताळ, आमली, दर्या आणि गुंड. पिंपरी तीन : जलसेन, गवळी आणि पठार. पाडळ्याही तशाच : आळे, दर्या, रांजणगाव. लोणी हवेली वेगळी, लोणी मावळा वेगळी. पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे, म्हणून तिकडे निघालेला माणूस पिंपळगाव तुर्कला उतरून चालत नाही. राळेगण सिद्धी जगाला माहीत आहे, राळेगण थेरपाळ पोस्टमनला. पळवे आणि वाघुंडे यांनी बुद्रुक-खुर्द अशी सरळ भावकीची वाटणी करून घेतली आहे. हिवरे कोरडा हे तर नावच नव्हे, पर्जन्यमानाचा अहवाल आहे. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारशी गल्लत होऊ नये इतका स्पष्ट. ही नावे ज्यांनी कोणी पाडली त्यांनी कार्यशाळा घेतली नव्हती आणि चहापानाचे बिलही लावले नव्हते. तरी काम पक्के झाले, कारण नाव अपुरे राहिले की भोगावे लागत होते. नुसते 'वडगाव' लिहून सोडलेला टँकर चारातल्या तीन वडगावांच्या दृष्टीने गेलेलाच नसतो.

यावरून पहिला नियम निघतो तो असा, की नावात दोन भाग असावेत : कशाचे, आणि कोणते. यात कोणाचा वाद नाही. वाद आहे तो आधी काय आणि मागून काय याचा, आणि त्याबाबत तालुक्यातच दोन पंथ आहेत. वडगाव पंथात सामाईक शब्द पुढे आणि ओळखीचा शब्द मागे. भोयरे पंथात उलटे : देवीभोयरे, गांजीभोयरे. (भोयरे गांगर्डा यांनी ऐनवेळी पंथ बदलला, त्यांची कारणे त्यांना ठाऊक.) फोनच्या बाबतीत प्रस्तुत मार्गदर्शन नि:संशय देवीभोयरेच्या बाजूचे आहे. यादीत ग्रूपचे नाव एका ओळीत दिसते, आणि ओळ संपली की तीन टिंबे. 'पारनेर तालुका प्राथमिक शिक्षक पोषण आहार', 'पारनेर तालुका प्राथमिक शिक्षक शिष्यवृत्ती' आणि 'पारनेर तालुका प्राथमिक शिक्षक सहल' हे तिन्ही ग्रूप फोनवर 'पारनेर तालुका प्राथमि…' असे एकाच चेहऱ्याने बसलेले असतात. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून अंदाजाने एकावर बोट ठेवतात, आणि खिचडीचा फोटो सहलीवर जातो. म्हणून 'सहल', 'खिचडी', 'शिष्यवृत्ती' हे शब्द आधी यावेत. आपण पारनेर तालुक्यात आहोत हे सदस्यांना सहसा माहीत असते.

लांबीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या भाषेवर यात मोठा अन्याय झालेला आहे. ग्रूपच्या नावाला बरीच वर्षे २५ चिन्हांची मर्यादा होती. इंग्रजीला ती पुरत असे. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षराचा हलन्त, सगळ्यांची वेगळी हजेरी लागते. 'मुख्याध्यापक' हा शब्द बोलताना पाच अक्षरांचा आहे; यंत्राच्या हिशेबी बारा. 'पारनेर तालुका मुख्याध्यापक' हे नाव मधल्या मोकळ्या जागा धरून भरते बरोबर २६. त्यामुळे तालुक्यातल्या सर्वात वरिष्ठ गुरुजनांचा शेवटचा 'क' दाराबाहेर उभा राहत असे. मग कोणी 'मुख्या.' केले, कोणी 'एचएम', कोणी नुसतेच 'पारनेर एचएम ग्रूप'. आता मर्यादा १०० झाली आहे. परिणाम असा, की पूर्वी जे नाव अर्धे लिहिले जाई ते आता संस्थेचे ब्रीदवाक्य, दोन नमस्कार आणि तिरंग्यासह पूर्ण लिहिले जाते आणि दिसते मात्र तेवढेच. शंभराची मुभा असली तरी पंचविसातच संसार करावा.

यानंतर पदनामाचा प्रश्न. 'भाऊसाहेब' नावाचा ग्रूप कोणत्याही परिस्थितीत काढू नये. आपल्याकडे ग्रामसेवकही भाऊसाहेब आणि तलाठीही भाऊसाहेब, गावात "भाऊसाहेब आले का?" असे विचारले की "सातबाऱ्याचे का घरपट्टीचे?" असा उलट प्रश्न येतो. बरे, 'तलाठी' किंवा 'ग्रामसेवक' असे रोखठोक लिहावे, तर २०२४ मध्ये शासनाने तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी केले आणि ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी. त्याच वर्षी जिल्ह्याचे अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. एका वर्षात एवढी बारशी म्हणजे ॲडमिनने जेवायचे कधी? बोलताना लोक पूर्वीही 'नगर' म्हणत आणि आताही 'नगर'च म्हणतात, म्हणून ज्यांनी मुळात 'नगर जिल्हा' एवढेच लिहिले होते ते सुखी झाले.

तरीही नाव बदलायचेच तर त्याला रीत आहे, आणि ती भाऊसाहेबांच्याच दप्तरात आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमिनीवर कोणाचे नाव लावायचे किंवा कमी करायचे तर नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ग्रूपचे नाव बदलायला यातले काहीच लागत नाही. सेटिंगमध्ये ते सर्वांना खुले असेल तर मध्यरात्री कोणाचाही अंगठा लागतो आणि सकाळी 'पाणीपुरवठा देखभाल' या ग्रूपचे 'दादाच भावी आमदार' झालेले असते. ही नोंद कोणी केली हे खाली बारीक अक्षरात कायमचे राहते, पण ते 'माझ्या पोराने खेळताना दाबलं' असे म्हणून निभावते. सबब, नाव आणि फोटो बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवावा, आणि हरकतीचे पंधरा दिवस ॲडमिनच्या घरच्यांनी सोसावेत.

व्यक्तीच्या नावाने ग्रूप काढू नये हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो. 'अमुक साहेब टीम' असे नाव ठेवले की साहेबांची तीन वर्षे भरतात, बदली होते, नवे साहेब येतात, आणि पहिल्याच बैठकीत त्यांना आदल्या साहेबांच्या टीममध्ये ॲड करावे लागते. ते ग्रूप उघडतात, नाव वाचतात आणि फोन टेबलावर उपडा ठेवतात. पदनाम माणसाला कायमचे चिकटल्याचे आमच्या गावात एकच खात्रीचे उदाहरण आहे. १८८० साली पारनेरात जन्मलेले पांडुरंग महादेव बापट मुळशीच्या सत्याग्रहानंतर सेनापती झाले ते अखेरपर्यंत सेनापतीच राहिले. ते पद बदलीपात्र नव्हते. बाकीच्यांनी टेबलाच्या नावाने ग्रूप काढावा.

आता नाजूक भाग. कोणत्याही कार्यालयाचे किमान दोन ग्रूप असतात : साहेब असलेला आणि साहेब नसलेला. पहिल्याला आपण बुद्रुक म्हणू, दुसऱ्याला खुर्द. आकाराने दोन्हींत एकाच माणसाचा फरक असतो, वजनाने फार. बुद्रुकवर 'हो सर', 'नोंद घेतली सर', 'अभिनंदन सर' आणि जोडलेले हात. खरे कामकाज खुर्दवर चालते : आज साहेब कोणत्या मूडमध्ये आहेत, दौरा सुप्याकडे आहे की टाकळी ढोकेश्वराकडे, आणि माहिती खरोखर आज द्यायची आहे की आज म्हणजे परवा. नामकरणातली सर्वात घातक चूक म्हणजे या दोघांची नावे एकाच शब्दाने सुरू करणे. 'पं. स. स्टाफ' आणि 'पं. स. स्टाफ कट्टा' ही जोडी म्हणजे लावून ठेवलेला सापळा. खुर्दचे नाव वेगळ्या अक्षराने, वेगळ्या फोटोने आणि शक्य तर वेगळ्या भावनेने सुरू व्हावे. 'वांगी', 'सांडशी', 'दुपारचे तीन' अशी निरुपद्रवी नावे चालतात. 'अधिकृत' हा शब्द बुद्रुकला लावू नये. तो वाचला की साहेबांना लगेच कळते की अनधिकृतही आहे.

आणि मेसेज चुकून गेलाच तर? सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुरुवातीला सात मिनिटे होती, मग १ तास ८ मिनिटे १६ सेकंद झाली (हे सोळा सेकंद कोणी मंजूर केले याचा शासन निर्णय उपलब्ध नाही), आता दोन दिवसांच्या वर आहे. पण पुसल्यावरही 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढे राहतेच, आणि ते मूळ मेसेजपेक्षा जास्त वाचले जाते.

ज्यांचे ग्रूप वीसच्या वर गेले आहेत त्यांना नावांनी भागणार नाही, वर्गवारी लागेल. तीही बाहेर शोधू नये. १९८०च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी असलेले अनिलकुमार लखिना यांनी कचेऱ्यांना जी शिस्त लावली ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. त्याच शिस्तीच्या घराण्यातली सहा गठ्ठे पद्धत सरकारी नोकरीत लागणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात : कार्यवाहीतली प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रे, आणि सहावा गठ्ठा 'ड', म्हणजे मुदत संपली की नष्ट करायची.

हे गठ्ठे फोनला लावून पाहू. कार्यवाहीतल्या ग्रूपच्या नावात काय करायचे राहिले आहे तेच लिहावे. नुसते 'घरकुल' लिहिले तर लाभार्थी, अभियंता आणि सिमेंटचा दुकानदार तिघेही शुभेच्छा देतात. 'घरकुल फोटो बाकी' लिहिले तर निदान दुकानदार गप्प बसतो. प्रतीक्षाधीन म्हणजे आपण वर पाठवले आणि उत्तराची वाट पाहतो आहोत ते. इथे दोन निळ्या खुणा दिसतात. जुन्या भाषेत ही पोच, उत्तर नव्हे. नियतकालिकांत टंचाई येते. टंचाई आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन तिमाह्यांचा होतो, म्हणून टंचाईचा ग्रूपही दर पावसाळ्यात झोपतो आणि दिवाळीच्या आसपास उठतो. त्याला साल लावू नये. आपल्या तालुक्यात टंचाईला साल लावणे म्हणजे ती त्या वर्षापुरती होती असा दावा करणे. स्थायी आदेशांच्या ग्रूपवर फक्त ॲडमिनला बोलता यावे. ही सोय २०१८ पासून आहे. त्यावर शासन निर्णय पडतात, कोणी उघडत नाही, आणि वेळ आली की सगळे तोच पुन्हा मागतात. अभिलेख कक्ष म्हणजे आर्काइव्ह. एवढे सगळे जमते.

अडते ते 'ड'पाशी. आमच्या फोनमध्ये पाचच गठ्ठे आहेत.

निवडणुकीचे घ्या. निवडणूक आयोगाची नामकरणाची पद्धत निर्दोष आहे, आकडा आधी आणि नाव मागून : २२४ पारनेर. चार वडगावांच्या तालुक्यात ही केवढी सोय! त्या धर्तीवर '२२४ झोनल', '२२४ वाहतूक', '२२४ मतदान साहित्य' असे नेटके ग्रूप निघतात. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, मोजणी झाली, यंत्रे परत गेली, भत्तेही (बहुतेकांचे) मिळाले. ग्रूप आहेत. '२२४ मतदान साहित्य'वर अजून वाढदिवस साजरे होतात. २०२१ मधल्या लसीकरणाच्या ग्रूपवर आता साखरपुड्याची आमंत्रणे येतात, आणि ज्यांनी तेव्हा एकमेकांना डोस मोजून दिले ते आता एकमेकांच्या मुलांना स्थळे सुचवतात. लोक बाहेर का पडत नाहीत? आता कोणाला न कळता बाहेर पडता येते, फक्त ॲडमिनला कळते. पण ॲडमिनला कळले म्हणजे कोणाला कळायचे राहिले? ग्रूप सोडणे आपल्याकडे तांत्रिक क्रिया समजली जात नाही. "काय झालं हो, लेफ्ट का झाले? कोणी काही बोललं का?" असे विचारायला माणूस घरी येतो, आणि चहा ठेवावा लागतो.

म्हणून या मार्गदर्शनाचा खरा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : मरणाची तारीख नावातच लिहावी. त्यासाठी नवा शब्दही शोधायला नको. सरकारी माणूस जन्मतारीख विसरेल पण 'मार्चअखेर' विसरणार नाही. 'घरकुल फोटो मार्चअखेर', 'सहल डिसेंबरअखेर', 'यात्रा बंदोबस्त चैत्रअखेर'. असे नाव वाचून कोणी त्यावर वाढदिवस सुरू करायला धजत नाही, आणि तारीख उलटल्यावर ॲडमिनने सगळ्यांना काढून टाकले तरी तो त्याचा खुनशीपणा ठरत नाही, मुदत ठरते. कोणी 'घरकुल फोटो मार्चअखेर (मुदतवाढ)' असे नाव करून आणल्यास ते नामंजूर करावे. मुदतवाढीसाठी कारणे नमूद करून स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा, म्हणजे तो येणार नाही.

एक सावधगिरी. माहितीच्या अधिकारासाठी ज्या गावातून आंदोलन उभे राहिले ते राळेगण सिद्धी याच तालुक्यात आहे. राज्याचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. इथल्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत तोंडपाठ असते. त्यामुळे नाव असे असावे, की उद्या अपिलाच्या सुनावणीत ते मोठ्याने वाचायची वेळ आली तर जन माहिती अधिकाऱ्याला खोकला येऊ नये. 'सांडशी'बाबत खुलासा तयार ठेवावा.

वरील सूचना तात्काळ अंमलात येतील. अंमलबजावणीसाठी 'नामकरण समन्वय जूनअखेर' हा ग्रूप उघडण्यात आला असून त्यात सर्वांना ॲड करण्यात आले आहे.

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :

१) सर्व ॲडमिन, बुद्रुक.

२) सर्व ॲडमिन, खुर्द (वेगळ्या अक्षराने).

३) पहाटे पाचला सूर्य टाकणारे सर्व. त्यांनी हे परिपत्रक पुढे पाठवू नये.

४) शिपाई मामा. यांना कागदावर द्यावी.

५) निवड नस्ती.